स्वहस्ते करून पाहिलेले

रसायनशास्त्राच्या वाङ्मयात सिद्धान्ताचे ग्रंथ आणि कृतीचे ग्रंथ असे दोन प्रवाह फार पूर्वीपासून वेगवेगळे वाहत आलेले आहेत. आणि इतिहासकारांची दृष्टी बहुधा पहिल्या प्रवाहावरच खिळलेली असल्यामुळे, अणूची कल्पना कोणी मांडली, मूलद्रव्यांची सारणी कोणी रचली, याचा तपशील जिज्ञासूला कोणत्याही ग्रंथालयात सहज सापडतो. परंतु नाण्यात चांदी किती, धान्यात नत्र किती, रक्तात साखर किती, हे निश्चित करण्याची रीत कोणी, कोणत्या गावी बसून, कोणत्या गरजेपोटी लिहून काढली, आणि लेखकाचे तोंडही ज्यांनी कधी पाहिले नव्हते अशा माणसांनी देशोदेशी ती अक्षरशः कशी पाळली, ही हकिकत क्वचितच कोणी सांगतो. प्रयोगशाळेतील मेजावर, अम्लाच्या डागांनी पिवळी पडलेली, पाने सुटू लागलेली जी पृथक्करणाची पुस्तके असतात, त्यांच्या इतिहासाविषयी मला येथे लिहावयाचे आहे. या पुस्तकांचा सारा अधिकार, माझ्या मते, एकाच गोष्टीवर उभा आहे: लिहिणाऱ्याने लिहिलेले सर्व स्वतःच्या हाताने करून पाहिलेले असावे, आणि वाचणाऱ्याने ते तसेच केले असता त्यालाही तेच फळ मिळावे.

ही अपेक्षा युरोपातच जन्मली असे मात्र नव्हे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध केला, आणि ज्या रसग्रंथांकडे त्यांनी विद्वानांचे लक्ष वेधले त्यांत ‘रसेन्द्रचिंतामणि’ हा एक आहे. पंडितांच्या मुखातून ऐकलेले आणि शास्त्रांत वाचलेले पुष्कळ असले, तरी जे आपण स्वतः करून पाहिले नाही ते आपण लिहिलेले नाही, अशी ग्वाही त्या ग्रंथकाराने दिलेली आहे. आणि शिकवलेले करून दाखवतो तोच गुरू व शिकलेले करून दाखवतो तोच शिष्य, बाकीचे नुसते रंगमंचावरचे नट, असाही निवाडा त्याने केला आहे. पृथक्करणाच्या पुढील सर्व ग्रंथांना हा निवाडा लागू करून पाहावा इतका तो नेमका आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत या विषयाची स्थिती कशी होती, हे पाहण्यासाठी बर्लिनच्या हाइनरिश रोझे याचा १८२९ साली निघालेला ग्रंथ उघडावा. रोझेची विद्वत्ता अपार होती, पुढे नायोबियम हे मूलद्रव्य ओळखणारा हाच. परंतु त्याचा ग्रंथ एकेक मूलद्रव्य घेऊन त्याच्या समस्त प्रतिक्रिया सांगत जातो, आणि ज्याच्यापुढे अज्ञात मिश्रणाची पुडी ठेवलेली आहे अशा नवशिक्याने आरंभ कोठून करावा, याचे उत्तर त्यात सहजी लाभत नाही.

ही अडचण ज्याला प्रत्यक्ष सोसावी लागली असा एक विद्यार्थी १८४० साली बॉन येथे आला. कार्ल रेमीगियुस फ्रेझेनियुस त्याचे नाव; फ्रँकफुर्टच्या एका वकिलाचा हा मुलगा तेथील औषधालयात उमेदवारी करून आलेला होता, आणि बॉनच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना हाताने काम करावयास मिळेल अशी सोय नसल्यामुळे मार्क्वार्ट नावाच्या औषधीशास्त्रज्ञाच्या खासगी प्रयोगशाळेत त्याने पृथक्करणाचा अभ्यास चालवला होता. आपल्यापुरता मार्ग सापडावा म्हणून त्याने एक क्रम आखला, आणि मार्क्वार्टच्या आग्रहावरून तो १८४१ साली पुस्तकरूपाने छापला. त्या वेळी लेखकाचे वय बावीस होते. गुणात्मक पृथक्करणाच्या या मार्गदर्शिकेच्या, त्याच्या हयातीतच, पंधराहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

त्या पुस्तकातील युक्तीचे मर्म असे की, शेकडो प्रतिक्रियांमधून थोड्या, खात्रीच्या आणि एकमेकींच्या पाठोपाठ वापरता येतील अशा प्रतिक्रिया तेवढ्या निवडावयाच्या. प्रथम पातळ हायड्रोक्लोरिक अम्ल घालावे. चांदी, शिसे किंवा पाऱ्याचा एक प्रकार असेल तर त्याचा साका खाली बसेल. तो गाळून घेऊन उरलेल्या अम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडावा. तांबे, बिस्मथ, कॅडमियम, सोमल, कथील यांसारखे धातू सल्फाइडच्या रूपाने वेगळे होतील. मग अमोनियम सल्फाइडाने लोह, जस्त, मँगनीज. मग अमोनियम कार्बोनेटाने कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम. आणि सर्व गाळून झाल्यावर जे उरते त्यात मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम यांचा शोध. धातूंचे असे गट पाडण्याची कल्पना फ्रेझेनियुसच्या पूर्वीही वावरत होती. पण अननुभवी माणसाने पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, वाटेत कोठेही न अडखळता, एकट्याने जावे अशी तिची मांडणी त्याने केली. आपल्या कॉलेजांतून रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही ‘पहिला गट’, ‘दुसरा गट’ हे शब्द आणि किपच्या उपकरणातून येणारा तो कुजक्या अंड्यांसारखा उग्र वास आयुष्यभर विसरता येत नाही. त्या क्रमाचा उगम बॉनमधील या विद्यार्थ्याच्या टिपणांपर्यंत पोहोचतो, हे मात्र शिकणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही.

पुस्तक निघाल्यावर फ्रेझेनियुस गीसेनला लीबिगकडे गेला. लीबिगची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळी सर्व युरोपातील रसायनविद्यार्थ्यांचे तीर्थक्षेत्र होते. तेथे या तरुणाला साहाय्यकाची जागा मिळाली, त्याचे पुस्तक शिक्षणक्रमात घेतले गेले, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या जोरावर त्याला डॉक्टर ही पदवीही लाभली. १८४५ साली तो वीसबाडेनच्या शेतकी संस्थेत प्राध्यापक झाला, आणि पुढल्याच वर्षी परिमाणात्मक पृथक्करणाचा त्याचा दुसरा ग्रंथ बाहेर पडला.

हा दुसरा ग्रंथ मला पहिल्याहून अधिक आदरणीय वाटतो. मिश्रणात अमुक पदार्थ आहे की नाही, एवढेच सांगावयाचे असेल तर डोळ्यांची साक्ष पुरते. परंतु तो किती आहे हे सांगताना तराजू, मूस, गाळणकागद, धुण्याचे पाणी या प्रत्येकाची जबाबदारी वेगळी ठरवावी लागते, कारण साका धुताना त्याचा थोडा अंश पाण्याबरोबर निघून जातो, आणि किती निघून जातो हे ठाऊक नसेल तर शेवटच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. फ्रेझेनियुसने यासाठी निरनिराळे साके किती पाण्यात किती विरघळतात याचे प्रयोग स्वतः केले, आणि त्या प्रयोगांचे आकडे ग्रंथाच्या अखेरीस पुराव्याच्या दाखल्यांसारखे क्रमाने मांडून ठेवले. एखादी रीत उत्तम आहे असे म्हणून वाचकाने विश्वास ठेवावा, असे त्याने कोठेही मागितले नाही. जमाखर्चाच्या वहीबरोबर पावत्याही जोडून द्याव्यात तसे त्याने आपले दप्तरच वाचकापुढे उघडून ठेवले. अशा कृतीला प्रामाणिकपणा हा शब्द अपुरा आहे. पुढील माणसाने आपली चूक काढावी याची रीतसर तजवीज त्यात केलेली होती, आणि शास्त्राची वाढ व्हावयाची तर अशी तजवीज करणारी माणसे लागतात.

१८४८ साली, जर्मन संस्थानांत राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना, त्याने वीसबाडेन येथे स्वतःची खासगी प्रयोगशाळा उघडली. विद्यार्थी पाच, आणि साहाय्यक एमिल एर्लेनमायर, ज्याच्या नावाची शंकूच्या आकाराची काचेची कुपी आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. झऱ्यांच्या खनिजयुक्त पाण्याचे पृथक्करण, व्यापारी मालाची तपासणी, औषधांची परीक्षा अशा कामांतून ही संस्था वाढली, आणि १८६२ साली केवळ पृथक्करणालाच वाहिलेले पहिले नियतकालिक तेथून निघू लागले. पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमधील वर्षांत ज्या नव्या रीती जन्मास येतात त्यांना उभे राहावयास जागा हवी, ती या नियतकालिकाने दिली. संस्थापकाच्या पश्चात त्याच्या मुलांनी प्रयोगशाळा व नियतकालिक दोन्ही चालवली, आणि ते नियतकालिक २००२ साली जीवरासायनिक पृथक्करणालाही आपल्यात सामावून घेऊन नव्या नावाने पुढे चालू राहिले.

या दोन ग्रंथांचा प्रसार किती दूरवर झाला याचा एक दाखला पुरेसा आहे. शांघायजवळच्या कियांगनान शस्त्रागाराच्या भाषांतर विभागात जॉन फ्रायर व शू शौ या दोघांनी ते चिनी भाषेत आणले. तोफा ओतणाऱ्या कारखान्याला धातूचा कस लावण्याची विद्या लागते, आणि ती शिकवणारा गुरू जवळ नसेल तर पुस्तकालाच गुरुपद द्यावे लागते, हे त्या कारखान्याच्या चालकांनी नीट ओळखले होते.

याच काळात वजन करण्याऐवजी द्रावणाचे घनफळ मोजून निर्णय करण्याची दुसरी शाखा फोफावली. तिचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. मुशीत चांदी शिशाबरोबर तापवून कस लावण्याच्या जुन्या रीतीत थोडी चांदी उडून जाते व थोडी मुशीत मुरते, त्यामुळे टांकसाळीचा हिशेब चांदी प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. गे-ल्युसाकने १८३२ साली पॅरिसच्या टांकसाळीसाठी मिठाच्या प्रमाण द्रावणाने चांदी मोजण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली, आणि शतकानुशतके चालत आलेल्या मुशीच्या अधिकाराला प्रथमच उतरती कळा लागली. कोब्लेंट्सचा औषधविक्रेता फ्रीडरिश मोर याने १८५५ साली अनुमापनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ब्युरेटला रबराची नळी व चिमटा लावून थेंब थेंब सोडण्याची सोय हे त्याचेच देणे. नॉर्विचच्या फ्रान्सिस सटनचे १८६३ चे इंग्रजी पुस्तक त्यानंतरचे.

या सर्व ग्रंथांत ‘कसे’ याचे उत्तर होते, ‘का’ याचे नव्हते. ते विल्हेल्म ओस्टवाल्ड याने १८९४ साली दिले. पृथक्करण हे इतर शास्त्रांच्या घरी राबणारी दासी मानले जाते, याची त्याला खंत होती. म्हणून आयनांचा सिद्धान्त व विद्राव्यतेचा नियम यांच्या आधारे, साका का पडतो, अम्ल जास्त झाले की का पडत नाही, दर्शकाचा रंग नेमका कोठे बदलतो, याची मीमांसा त्याने एका लहानशा ग्रंथात केली. परंतु मेजावरचे जुने पुस्तक त्यामुळे हटले नाही. त्याला फक्त एक प्रस्तावना मिळाली.

एका माणसाच्या हातावर विसंबण्याची मर्यादा मात्र अन्यत्र, आणि अगदी व्यावहारिक कारणाने, उघड झाली होती. अमेरिकेत खतांच्या व्यापाराला कायद्याचे नियंत्रण लागू झाल्यावर एकाच खताच्या गोणीतील फॉस्फेटाचे प्रमाण दोन तपासनीस दोन प्रकारचे सांगू लागले, आणि फिर्यादी-दाव्यांची पाळी आली. म्हणून १८८४ साली सरकारी कृषिरसायनज्ञांची संघटना स्थापन झाली, आणि तिने असा दंडक घातला की, एकच नमुना अनेक प्रयोगशाळांकडे पाठवावा, सर्वांनी एकाच रीतीने तपासावा, आणि सर्वांचे आकडे जुळले तरच त्या रीतीला अधिकृत मंजुरी मिळावी. ‘मी करून पाहिले’ या साक्षीच्या जागी ‘आम्ही सर्वांनी वेगवेगळे करून पाहिले’ ही साक्ष आली, हा या इतिहासातील फार मोठा पालट होय. सेंद्रिय रसायनात इलिनॉयच्या रॉजर अ‍ॅडम्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली सुरू केलेल्या वार्षिक खंडांनी हाच दंडक अधिक कडक केला: पाठवलेली कृती संपादकांपैकी कोणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिल्याखेरीज छापावयाची नाही, आणि ती पडताळणाऱ्यांची नावे लेखकांच्या नावांबरोबर छापावयाची.

आता शरीराच्या रसायनाकडे वळावे. खनिजाचा तुकडा दहा वर्षांनी तपासला तरी तोच राहतो. रक्त, पित्त, मूत्र यांचे तसे नाही, ते हातात येते तेव्हाच बदलू लागलेले असते, आणि पृथक्करणाला वापरायचे तीव्र अम्ल ज्या पदार्थाचा शोध घ्यावयाचा त्यालाच नष्ट करते. फेलिक्स होपे-सायलर याने १८५८ साली विकृतिविषयक पृथक्करणाची जी मार्गदर्शिका लिहिली, ती या अडचणींतून वाट काढणारी पहिली मोठी कृती होय. पुढे विस्तारत जाऊन ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, लेखकाच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ, नव्या आवृत्त्यांत जिवंत राहिली. ट्यूबिंगनच्या जुन्या किल्ल्यातील स्वयंपाकघरात त्याची प्रयोगशाळा होती. तेथे १८६९ च्या सुमारास फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस वैद्याने, शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांवरील पुवातील पेशींतून, फॉस्फरस असलेला एक अपूर्व पदार्थ वेगळा केला आणि त्याला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. अशा विलक्षण दाव्यावर होपे-सायलरने शिष्याच्या प्रेमापोटी शिक्कामोर्तब केले नाही. सारा प्रयोग त्याने स्वतः पुन्हा केला, आणि मगच १८७१ साली आपल्या नियतकालिकात तो निबंध छापला. आजच्या भाषेत डीएनए म्हणून ओळखला जाणारा पदार्थ शास्त्राच्या दरबारी दाखल झाला तो असा, दुसऱ्या हाताच्या साक्षीनिशी. मीशरची दोन वर्षे त्यात गेली. पण त्या दोन वर्षांविषयी हळहळ करण्याचे कारण मला दिसत नाही.

धान्य व दूध यांच्या परीक्षेत कोपनहेगनच्या योहान केल्डालने १८८३ साली क्रांती केली. कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत सातूतील प्रथिने मोजण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि तेथला नियमच असा होता की, सापडलेले काहीही व्यापाराचे गुपित म्हणून दडवून ठेवावयाचे नाही. तीव्र गंधकाम्लात उकळून नत्राचे अमोनियात रूपांतर करावयाचे, तो ऊर्ध्वपातनाने बाहेर काढावयाचा व अनुमापनाने मोजावयाचा, ही त्याची रीत फ्रेझेनियुसच्याच नियतकालिकात छापली गेली, आणि तेथून ती जगातील प्रत्येक कृषिरसायनाच्या पुस्तकात उतरली.

यानंतरची पायरी रंगाची. थोड्या रक्तात असलेला थोडा पदार्थ वजनाने मोजणे अशक्य. पण त्याच्याकडून एखादा गडद रंग उत्पन्न करवून त्या रंगाची तुलना प्रमाण द्रावणाच्या रंगाशी करता येते. हार्वर्ड येथे ऑटो फोलिन याने या कल्पनेचा विस्तार केला, आणि त्याच्या विभागात १९२० नंतरच्या दशकात एक भारतीय तरुण येऊन दाखल झाला. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकून, आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापन करून, अत्यंत ओढगस्तीत बोस्टनला पोहोचले होते. सायरस फिस्के याच्याबरोबर १९२५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली फॉस्फरस मोजण्याची निळ्या रंगाची रीत जीवरसायनाच्या प्रत्येक हस्तपुस्तिकेत गेली; तिच्याच साहाय्याने त्या दोघांनी स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन ओळखले. भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी ‘फिस्के-सुब्बाराव’ हे जोडनाव प्रयोगवहीच्या मथळ्यात लिहिले आहे, आणि त्यांतील दुसरे नाव आपल्यातीलच एका माणसाचे आहे याचा अभिमान त्यांना शिक्षकांनी आवर्जून द्यावयास हवा होता. पदव्या आणि पारितोषिके विस्मृतीत जातात. अचूक कृतीला चिकटलेले नाव, ती कृती कोणी करीत आहे तोवर, उच्चारले जाते.

फोलिनच्याच अभिकर्मकाचा उपयोग करून सेंट लुईसच्या ऑलिव्हर लाउरी व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रथिने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. २०१४ साली ‘नेचर’ने केलेल्या गणतीत सर्व शास्त्रांतील सर्वाधिक उद्धृत निबंध हाच ठरला, त्याचा हवाला देणाऱ्या निबंधांची संख्या तीन लाखांवर गेलेली होती. विश्वाचे एखादे महान रहस्य त्यात उलगडलेले नाही. ज्याला काही उलगडावयाचे आहे त्याच्या हाती भरवशाचे माप त्यात दिलेले आहे, आणि तीन लाख लेखकांनी त्या उपकाराची रीतसर नोंद केली आहे.

१९५५ साली कोलोविक व कॅप्लान यांनी एन्झाइमांच्या पद्धतींवरील खंडमाला आरंभली, तेव्हा एका माणसाने सर्व रीती करून पाहाव्यात ही गोष्टच अशक्य झालेली होती. म्हणून ज्याने जी रीत बसवली त्यानेच ती लिहावी, आणि सर्वांनी एकाच साच्यात लिहावे असे ठरले: आधी तत्त्व, मग द्रावणे, मग कृती, मग एककाची व्याख्या, मग शुद्धीकरणाच्या पायऱ्या. त्या मालेचे आता सहाशेहून अधिक खंड झाले आहेत.

आपल्याकडे मात्र, विद्यापीठांच्या मेजांवर, दीर्घकाळ राज्य केले ते लंडनच्या वुलिच पॉलिटेक्निकमधील आर्थर व्होगेल यांच्या पुस्तकांनी. गुणात्मक पृथक्करण १९३७, परिमाणात्मक १९३९, सेंद्रिय प्रायोगिक रसायन १९४८ असा त्यांचा क्रम आहे. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने निघणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांमुळे ती विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली, आणि ‘व्होगेलमध्ये पाहा’ एवढे प्राध्यापकांनी म्हटले की वाद मिटत असे. व्होगेल १९६६ साली वारले. त्यांच्या नावाने निघत राहिलेल्या पुढील आवृत्त्या इतरांनी सिद्ध केल्या, आणि १९३९ च्या ग्रंथात जी असणे शक्यच नव्हते ती परमाणु-शोषणाची रीत, जी १९५५ साली अ‍ॅलन वॉल्शने मांडली, तिने नंतरच्या आवृत्त्यांत आपले हक्काचे प्रकरण मिळवले.

अलीकडे कॉलेजांच्या ग्रंथालयांतून अशा जुन्या आवृत्त्या निर्लेखनाच्या यादीत घालून रद्दीच्या भावाने काढून टाकण्याचा प्रघात पडत आहे, आणि कारण असे दिले जाते की नवी आवृत्ती आली म्हणजे जुनीचे काम संपले. हे कारण मला मान्य नाही. कोणती रीत कोणत्या आवृत्तीत प्रथम आली, कोणती गाळली गेली, तापमानाचा किंवा द्रावणाच्या तीव्रतेचा कोणता आकडा पुढे बदलावा लागला, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही. आणि समासात एखाद्या प्रयोगशिक्षकाने शिसपेन्सिलीने केलेली दुरुस्ती तर त्या एकाच प्रतीत असते. ज्यांच्याकडे ग्रंथालयाचा कारभार आहे त्यांनी प्रत्येक आवृत्तीची एक तरी प्रत, डागांसकट आणि पेन्सिलीच्या खुणांसकट, दप्तरी राखून ठेवावी, आणि रसायनाच्या पदव्युत्तर वर्गांना दोन आवृत्त्यांची तुलना हा एक निबंधाचा विषय म्हणून लावून द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.